भिंतीपलीकडची मुलगी

८ जानेवारी

"घर मेलंय."

हे शब्द दिग्दर्शक बाईंचे. मालिकेच्या पहिल्या भागाला मी लावलेला आवाज पूर्ण ऐकला, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "चित्र जिवंत आहे, पोरं जिवंत आहेत. घर मेलंय गं!"

राग आला. बरोबर होतं म्हणूनच आला.

सेटवरचं घर प्लायवूडचं आहे. भिंती तीन, चौथीच्या जागी कॅमेरा. खिडकीबाहेर रंगवलेलं आकाश. तिथे आमची नायिका "आई, मी जाते" म्हणते आणि तिच्या शब्दाभोवती काहीच नसतं. खऱ्या घरात शब्द संपला तरी घर चालूच असतं. पंखा. फ्रिज. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतं. आम्ही त्याला खोलीचा आवाज म्हणतो. ऐकू आला तर चुकला, आणि नसला तर सगळंच खोटं.

संग्रहातला तयार आवाज लावून पाहिला. "ही हॉटेलची लॉबी," बाई म्हणाल्या. दुसरा लावला. "हा दवाखाना."

समोरच्या स्टुडिओतून दर अर्ध्या मिनिटाला हशा ऐकू येतो. तिथेही किशोरांचीच विनोदी मालिका चालते. आमच्याआधी सुरू झाली, आमच्यापेक्षा दहापट खर्चाची. तिथला सोळा वर्षांचा हिरो लग्न झालेला आहे. मेकअपवाली सांगत होती, कानशिलावरचे पांढरे केस रोज रंगवावे लागतात.

तिथलं घरही मेलेलंच आहे. पण हशा इतका मोठा असतो की प्रेत दिसत नाही.

९ जानेवारी

मागच्या वर्षीपर्यंत धाकटी आणि मी सोफ्यावर बसून असल्या मालिका बघायचो. मालिका कमी, तिची शेरेबाजी जास्त.

"ही सकाळी उठते आणि केस असे? ताई, ही झोपते की हिला फ्रिजमध्ये ठेवतात?"

"रडताना कोणी इतकं स्पष्ट बोलतं का गं?"

आणि सर्वांत चांगलं - "आमच्या वर्गात कोणी पूर्ण वाक्य बोललं ना, तर सगळे वळून बघतात."

हे वाक्य मी आमच्या लेखकाला सांगितलं होतं. त्याला आम्ही खोडरबर म्हणतो, लिहितो कमी आणि खोडतो जास्त. त्यानं ते कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवलं. आमच्या मालिकेत कोणी पूर्ण वाक्य बोलत नाही, ते धाकटीमुळे. तिला हे माहीत आहे. तेव्हा चार दिवस कॉलर ताठ करून फिरत होती.

आता दिवाळं निघालंय बोलण्याचं. शाळेतून येते, जेवते, दार लावते. काय झालं विचारलं की "काही नाही". हे "काही नाही" पूर्वीचं नाही. पूर्वी त्याचा सूर शेवटी वर जायचा, आता खाली पडतो.

तिला काहीतरी सांगायचंय, एवढं मला कळतं. विचारलं की मिटते. म्हणून ठरवलं - विचारायचं नाही. ती येईल तेव्हा आपण हजर असायचं. बास.

११ जानेवारी, रविवार

घरच रेकॉर्ड केलं आज. आमचं. बोळात, न्हाणीघर आणि धाकटीची खोली यांच्या मध्ये माइक लावला.

आईला सांगितलं, "नेहमीसारखी वाग. फक्त माझ्याशी बोलू नकोस."

"म्हणजे माझ्याच घरात मी श्वास घेऊ की नको?"

"घे ना. पण नेहमीचा."

"नेहमीचा कसा असतो तेच विसरले बघ आता!"

मग तिनं भांडी अशी ठेवली जशी नाटकात ठेवतात. एकेक, ठसक्यात, मधे खाकरून. आई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, रविवारी जरा पाठ टेकते. आज पाठ टेकायचं सोडून अभिनय! तो सगळा भाग टाकून दिला.

दुपारी ती खरंच झोपली आणि मग घर सुरू झालं. धुलाई यंत्राची शेवटची फेरी. जिन्यात कोणाच्या तरी किल्ल्या. आणि बंद दाराआड धाकटीची कुजबुज - फोनवर असावी कोणाशी तरी. शब्द नाहीत. भिंतीनं वरचे स्वर खाऊन टाकलेले, खाली उरतो तो नुसता माणूस. मधे थांबते, परत तेच, परत थांबते. असं विकत मिळत नाही!

शेवटी ती बाहेर आली. मी हात करून थांबवलं. ते शेपूट कापलं. बाकीचं सोनं.

१३ जानेवारी

लावलं. स्वयंपाकघरातल्या प्रवेशाखाली, अगदी खोल. पात्रांच्या आवाजाच्या इतकं खाली की कानाला कळू नये, पाठीला कळावं.

बाई ऐकता ऐकता पुढे झुकल्या. "आता इथे कोणीतरी राहतं. कुठून आणलंस?"

"घरून."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" इतक्या हसल्या की चहा सांडला.

खोडरबर भिंतीला टेकून उभा होता. त्याला उशिरा बोलायची सवय आहे. म्हणाला, "घर म्हणजे दुसरं काय असतं? पलीकडच्या खोलीत कोणीतरी असतं. ते बोलत असतं. आणि आपण ऐकत नसतो. विनोदही तिथूनच येतो."

हे त्यानं खोडलं नाही.

तोच तुकडा सगळ्या भागांसाठी कायम करायचं ठरलं. घरातला प्रत्येक प्रवेश आता धाकटीच्या कुजबुजीवर उभा राहणार. तिला सांगायला हवं. की नको? नको. आधी बघू दे, स्वतःहून ओळखते का.

२० जानेवारी

चॅनेलचे साहेब आले होते. त्यांना हशा हवा. समोरच्या स्टुडिओतल्यासारखा, डबाबंद.

मला दोन्ही प्रकार तयार ठेवायला सांगितलं होतं. ठेवले. आधी हशावाला ऐकवला. मी मुद्दाम वाईट केलेला नाही, चांगलाच केला होता. पण हशा लावला की विनोदाला जागा करून द्यावी लागते. पात्र वाक्य टाकतं आणि उभं राहतं, दक्षिणेची वाट बघणाऱ्या भटजीसारखं. पोरं अशी उभी राहत नाहीत. पोरं विनोद करतात ते कोणी हसावं म्हणून नाही - कोणी पुढे काही विचारू नये म्हणून करतात. नायिका गणितात नापास झाल्याचा विनोद करते, तिथे शंभर माणसं हसली की तिचं नापास होणं संपलंच. कोणी हसलं नाही, तर ते तिच्या आईच्या चेहऱ्यावर जाऊन थांबतं. हसू येतंच. पण बघणाऱ्याला. स्वतःच्या जबाबदारीवर.

एवढं मी बोलले. सहसा बोलत नाही.

साहेब म्हणाले, "पण लोकांना कळायला नको का, कुठे हसायचं?"

बाई : "साहेब, तुम्हाला घरी कोण सांगतं?"

"घरी हसायची वेळच कुठे येते हो!"

सगळे हसले. साहेबही. खोडरबर हळूच म्हणाला, "बघा. ट्रॅक न लावता."

पहिले चार भाग बिनहशाचे. मग आकडे बघून ठरवणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला भाग गेला.

आई, धाकटी, मी. कितीतरी दिवसांनी तिघी सोफ्यावर. धाकटी सुरुवातीला मांडीवर उशी घेऊन गप्प. मग नायिका केस बांधत बांधत अर्धंच वाक्य टाकून निघून जाते तिथे खुदकन हसली! खरं हसली. आई म्हणाली, "ही तर अगदी आपल्या हिच्यासारखीच फुगते." धाकटीनं उशी मारली तिला.

मला वाटलं, झालं. आली परत.

मग स्वयंपाकघरातला प्रवेश. नायिका आईला नापास झाल्याचं गंमत म्हणून सांगते, आई गंमत म्हणूनच ऐकते. मोठा थांबा. धाकटीनं रिमोट उचलला, आवाज वाढवला. मला बरं वाटलं. आणखी वाढवला. टीव्हीकडे बघत होती की भिंतीकडे, कळलं नाही. मग माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं - म्हटलं, आवडलं वाटतं. हसले तिच्याकडे बघून.

उठून गेली. दार लावलं.

आई म्हणाली, "हिला काय झालं मधेच?"

थांबा लांबला असणार. तिथे तिचं लक्ष उडालं.

७ फेब्रुवारी

दुसऱ्या भागातला तसाच थांबा बारा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, कमी करून घेतला. संकलक कुरकुरला. आता नीट बसतो.

१६ फेब्रुवारी

आकडे आले. साहेबांनी हशाचं नाव काढलं नाही. समोरच्या स्टुडिओत सामसूम - त्यांची मालिका या महिन्यात बंद होतेय. मेकअपवाली आमच्याकडे येऊ का विचारत होती. "तुमच्याकडे काय, पोरांच्या पुटकुळ्यासुद्धा झाकत नाहीत! मला काम काय उरणार?"

बंद पडणाऱ्यांना नावं ठेवायला सगळे तयार असतात. मला बरं वाटत नाही. तिथला साउंडवाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं काम करतोय, कान उत्तम. पण दर आठवड्याला नवं संकट हवं असायचं त्यांना. पळून जाणं, अपघात, हरवलेली जुळी बहीण. आमच्याकडे एका अख्ख्या भागात मुलीला एकच बूट सापडत नाही. खोडरबरचं म्हणणं, सोळाव्या वर्षी संकट येत नाही. काहीच येत नाही, आणि तेच सहन होत नाही.

एका वार्ताहर बाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला - यापूर्वीच्या पडल्या, तुमची का चालली? बाई म्हणाल्या, खरी सोळा वर्षांची पोरं घेतली म्हणून. खोडरबर म्हणाला, मी कमी लिहिलं म्हणून. नायिका म्हणाली, "मला पाठांतर होत नाही, म्हणून." ती खरंच अडखळते, आणि आम्ही ते ठेवतो.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ऐकण्यामुळे. आम्ही पोरांचं ऐकतो."

छापून आलंय. आईनं कापून फ्रिजवर लावलंय.

२२ फेब्रुवारी

धाकटी आता शुक्रवारी बाहेर बसत नाही. मी दाराबाहेरून विचारलं, "मालिका बघतेस ना?"

"बघते."

"मग?"

"खरी वाटते."

"नुसतं खरी वाटते काय? पूर्वी चांगले वाभाडे काढायचीस. काय चुकतंय ते सांग ना."

आत पलंग करकरला. मग, "मोठी बहीण."

"ती काय चुकते?"

"वेळेवर येते."

चांगली सूचना. खोडरबरला फोन करून सांगितली. "तुझी बहीण सोन्याची आहे," म्हणाला. पुढच्या भागात मोठी बहीण उशिरा येणार. दार उघडते तेव्हा नायिका झोपलेली.

२७ फेब्रुवारी

मोठ्या बहिणीच्या उशिरा येण्यावर सगळे फिदा! आई चक्क रडली. धाकटीच्या दारातून काहीच आवाज आला नाही.

४ मार्च

शाळेतून आईला दुकानात फोन आला. धाकटी बरेच दिवस शाळेत गेलेलीच नाही. आजारी असल्याचं कळवलं होतं म्हणे - आईच्या फोनवरून, आईच्या नावानं, स्वतःच.

रोज सकाळी डबा घेऊन निघायची. सार्वजनिक वाचनालयात बसायची. डबा तिथल्या पायऱ्यांवर खायची. संध्याकाळी परत. रिकामा डबा ओट्यावर. आम्हा दोघींना त्या रिकाम्या डब्याचं केवढं समाधान!

आई ओरडली नाही, तेच वाईट झालं. दुकानातला कोट अंगावर तसाच ठेवून खुर्चीवर बसली. "काय झालं गं शाळेत? कोणी काही केलं का?"

"काही नाही झालं."

"मग?"

"तेच. काहीच नाही झालं."

"अगं पोटात काय ठेवतेस सगळं! तोंड आहे ना? एका शब्दानं तरी सांगायचंस. मला नाही तर हिला."

"सांगितलं होतं."

"कोणाला?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. टीव्हीसमोर बघितलं होतं तसंच.

"मला?" मी म्हटलं. "कधी?"

"जाऊ दे."

"नाही, कधी सांग. मला आठवत नाहीये म्हणून विचारतेय."

"जाऊ दे म्हटलं ना, ताई."

मी हिशोब लावत बसले होते तेव्हा, जानेवारीपासूनचा प्रत्येक दिवस. मला वाटलं, खोटं बोलतेय. आईसमोर माझ्यावर ढकलतेय. तसं बोललेही. "उगाच माझं नाव घेऊ नकोस," असं.

हे इथे लिहून ठेवते, कारण ते वाक्य मी पूर्ण बोलले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, स्वच्छ.

५ मार्च

आज शाळेत आई तिच्याबरोबर गेली. मी कामावर.

८ मार्च

प्रेक्षकांनी तिला नाव दिलंय - भिंतीपलीकडची मुलगी.

मला पत्ताच नव्हता. खोडरबर नाचत आला. लोक तिच्याबद्दल लिहितायत, अंदाज लावतायत. पलीकडच्या खोलीत कोण असते? शेजारीण? भूत? एकजण म्हणतो, तीच खरी नायिका आहे. आणि एका बाईंनी लिहिलंय की त्यांनी चांगल्या हेडफोनवर आवाज पूर्ण वाढवून ऐकलं, तर ती परत परत एकच काहीतरी म्हणते. "ताई, ऐक ना" असं.

"मुद्दाम ठेवलंस ना?" खोडरबर म्हणाला. "आणि आम्हाला बोलली नाहीस! पक्की आहेस हं तू. मोठ्या बहिणीच्या मालिकेत भिंतीआड कोणी 'ताई, ऐक ना' म्हणतंय! मला नसतं सुचलं."

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.



९ मार्च

मूळ रेकॉर्डिंग काढलं. न कापलेलं. धुलाई यंत्र दाबलं, फ्रिजची घरघर काढली, भिंतीनं खाल्लेले वरचे स्वर जेवढे परत आणता आले तेवढे आणले. माझं कामच आहे ते. फार वेळ लागला नाही. जानेवारीतही लागला नसता.

ती फोनवर नव्हती. खोलीत एकटी होती. सराव करत होती.

"ताई, ऐक ना." थांबते.

"ताई, ऐक ना, एक गंमत सांगू?" हसत. अगदी आमच्या नायिकेसारखी. "आमच्या ग्रुपनं मला काढलं. म्हणजे काढलं नाही. नवीन केला. माझ्याशिवाय." हसते. "छे."

परत. "ताई, ऐक ना. तू बिझी आहेस का?" थांबते. "बिझी असतेच ती."

परत, जरा मोठ्यानं, सरळ : "ताई, मला शाळेत जाववत नाही. कोणी काही करत नाही गं. कोणी काहीच करत नाही. मी बसले की त्या उठतात, एवढंच. मधल्या सुट्टीत मी जिन्यात बसते."

तेवढंच. यात पळून जाणं नाही, अपघात नाही. मालिकेत घातलं तर समोरच्या स्टुडिओवाले विचारतील, यात घडलं काय?

मग कडी. अनवाणी पावलं, माइकच्या दिशेनं. "ताई -"

आणि माझा आवाज. माइकच्या जवळ, स्पष्ट. "शू! चालू आहे."

पावलं परत. कडी.

तिथे लाल खूण आहे. कापायची. माझ्याच हातची.

हा तुकडा मी किती वेळा ऐकला असेन! प्रत्येक भागात, प्रत्येक प्रवेशाखाली, पुढेमागे करून. तिचा श्वास कुठे पडतो ते मला पाठ आहे. शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात - शब्दांकडे लक्ष देऊ नका, शब्द ऐकले की आवाज ऐकू येत नाही. शिकले. वर्गात पहिली आले होते.

१० मार्च

तिच्या दारापर्यंत गेले. आत दिवा होता.

काय बोलायचं? "ऐक ना" - नाही. "मला आत्ता कळलं" - नाही, ही तर सारवासारव झाली. "मी ऐकलं नव्हतं" - हे खरं आहे, आणि हेच तर सर्वांत वाईट. बोळात उभी राहून मनातल्या मनात एकेक वाक्य लावून बघत होते. हलकं, गंभीर, हसत.

मग कळलं काय करतेय ते. कुठे उभी आहे तेही. माइक इथेच लावला होता.

परत आले.

११ मार्च

या पर्वाचा शेवटचा भाग आज पूर्ण करून दिला. धाकटीचा आवाज त्यातून काढला.

नुसता खाली नाही केला, पूर्ण काढला. माझ्या घरातलं, तिच्या तोंडचं, तिच्या परवानगीशिवाय लोकांच्या दिवाणखान्यात जातंय, आणि आता लोक ते वाढवून वाढवून ऐकणार. उद्या शाळेतल्या त्याच मुली ऐकतील. गेलेले भाग परत आणता येत नाहीत. निदान हा तरी.

बाईंना लगेच कळलं. "भिंतीपलीकडची कुठे गेली?"

"फाइल खराब झाली."

"शेवटच्या भागात? अगं, लोक तिची वाट बघतायत! मी तर म्हणत होते, आज तिला थोडं वर आणू."

"नाही होणार."

माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना खोटं ऐकू येतं, पण ओढून काढायची सवय नाही त्यांना. संग्रहातला आवाज लावला. पंखा, दूरची रहदारी.

"परत हॉटेलची लॉबी," म्हणाल्या, आणि सही केली.

जाताना खोडरबर म्हणाला, "कोणाचा होता गं तो आवाज?"

"घरातलाच," मी म्हटलं.

१२ मार्च

धाकटीला यातलं काही माहीत नाही. कळायच्या आत काढलं, हे बरं झालं. सगळं थंड झालं की नीट बसून बोलेन. शाळा बदलायचं आई बघतेय.

१३ मार्च, शुक्रवार

आई दुकानातून यायची होती. मी एकटीच टीव्हीसमोर. धाकटी तिच्या खोलीत फोनवर बघत होती - तोच भाग, जरासा मागे पडलेला, दाराखालून येत होता. प्रत्येक वाक्य दोनदा.

माझ्याकडे संपलं. मग तिच्याकडे संपलं. कडी वाजली.

"मला काढलंस," म्हणाली.

मी सांगायला लागले - शाळेतल्या मुली, परवानगी, तुझ्यासाठीच. तिनं ऐकून घेतलं. मग बोळात उभी राहूनच म्हणाली, "पहिल्याच दिवशी ओळखला मी माझा आवाज. मला वाटलं, तू ऐकलंस. ऐकलंस म्हणूनच लावलंस. तुला तोंडावर बोलता येत नाही ना, म्हणून तसं."

मी टीव्ही बंद केला.

"दर शुक्रवारी बघत होते, ताई. वाटायचं, आज उत्तर असेल."